एका गोळीवर दोन तोंडं

विशाखा राऊतने नवऱ्याची चघळलेली गोळी तिसऱ्यांदा यंत्रात घातली आणि यंत्राने तिसऱ्यांदा तेच सांगितलं. दोन व्यक्ती. एक पुरुष, एक स्त्री.

पुरुष कोण ते सांगायला यंत्राची गरज नव्हती. पाकिटावर नाव होतं, जयवंत राऊत, आणि त्या नावाबरोबर तिने एकोणीस वर्षं संसार केला होता. प्रश्न बाईचा होता. बाईबद्दल यंत्र म्हणत होतं, नोंदणीत नाही. तंबाखू, होय. आणि सगळ्यात खाली तो लाल दिवा लागला होता, जो तिच्या केंद्रात वर्षातून एकदोनदाच लागायचा.

"अगं बाई गं," असं म्हणून तिने स्टूल ओढलं.

आता ही गोळी काय भानगड आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. गोळी म्हणजे च्युइंगगम. सरकारच्या तोंडतपासणी योजनेच्या कागदांवर तिचं नाव 'मुखपारख' असं मोठं भारदस्त होतं, पण नरवाडीत तिला लहानथोर सगळे चघळगोळी म्हणत. च्युइंगगम म्हणजे तसं पाहिलं तर चघळायचं रबर. त्यात गोडी असते, पुदिन्याचा अर्क असतो, मऊपणासाठी ग्लिसरीन असतं, पण हे सगळं दहा मिनिटांत लाळेबरोबर पोटात उतरतं. मागे उरतो तो नुसता गमचा गोळा. तो विरघळत नाही की पचत नाही. कोणे एके काळी हा गोळा चिकूच्या झाडाच्या चिकापासून करत. मग कंपन्यांनी तो खनिज तेलापासून, म्हणजे प्लास्टिकच्याच भावंडांपासून करायला घेतला. पुढे चघळताना त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण पोटात जातात असा बोभाटा झाला, तेव्हा सगळे मुकाट्याने पुन्हा चिकूच्या चिकाकडे वळले. डहाणूच्या वर, चिकूच्या बागांत बुडालेल्या नरवाडीत गोळीचा कारखाना आला तो असा.

गोडीसाठी साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं असायचं. तोंडातल्या जंतूंना ते पचत नाही, त्यामुळे आम्ल होत नाही आणि दात शाबूत राहतात. फार खाल्लं तर मात्र पोट ढिलं होतं. पहिल्या महिन्यात फुकट मिळाली म्हणून सहा सहा गोळ्या चघळणाऱ्या अर्ध्या गावाने याची खातरजमा करून घेतली होती.

पण खरी करामत होती ती गमच्या गोळ्यात. तोंडातल्या पेशी बिघडायला लागल्या की लाळेत काही ठरावीक प्रथिनं उतरतात, कॅन्सरची गाठ दिसायच्या, दुखायच्या कितीतरी आधी. शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनांभोवती गम घट्ट होऊ दिला आणि मग ती प्रथिनं धुऊन काढली. ओल्या सिमेंटवर कोंबडीचं पाऊल उमटावं तसे त्यांचे ठसे गमात राहिले. अशी गोळी तुम्ही दहा मिनिटं चघळलीत आणि लाळेत तेच प्रथिन असलं, तर ते नेमकं आपल्या ठशात जाऊन बसतं. तंबाखूलाही असाच वेगळा ठसा. पाकीट यंत्रात सरकवलं की कुठल्या ठशात कोण बसलंय ते यंत्र वाचतं. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे तंबाखू आणि लाल म्हणजे ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पळा. गोळी ज्याची त्यानेच चघळली ना, हे बघायला यंत्र लाळेतल्या पेशीही नोंदणीशी ताडून घ्यायचं.

दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने घरी गोळी चघळायची, त्याच पाकिटात गुंडाळून पेटीत टाकायची. ते यंत्र चालवायचं काम विशाखाकडे होतं. आणि यंत्राच्या वर, भिंतीवर, तिच्याच हाताने चिकटवलेला नियम होता. मिसळलेल्या नमुन्यातल्या दुसऱ्या व्यक्तीचा शोध घेऊ नये, तिच्याविषयी कुणालाही काही सांगू नये, नमुना आठ दिवसांनी आपोआप नष्ट होईल. नियम मोडणाऱ्या चालकाचं काम काढून घेण्यात येईल. हा नियम कशासाठी आला होता तेही तिला ठाऊक होतं. सुरुवातीला एका जिल्ह्यात अशा मिसळलेल्या गोळ्यांपायी चार घरांत मारझोड झाली होती. तेव्हा ती वाचून म्हणाली होती, काय बाई माणसं असतात, एका गोळीवरून जिवावर उठतात!

लाल दिवा कुणाचा, नवऱ्याचा की त्या बाईचा, हे मिसळलेल्या गोळीवरून कळत नव्हतं. विशाखाने केंद्राला कुलूप लावलं आणि भर दुपारी घर गाठलं.

जयवंत नुकताच टेम्पो लावून जेवायला बसला होता. बागांतला चिकू उंबरगावच्या बाजाराला पोचवायचा हा त्याचा धंदा. बोंबलाचं कालवण आणि भात, असं त्याच्या आवडीचं पान वाढलेलं होतं.

"गोळी कुठे चघळलीत?" तिने उभ्याउभ्याच विचारलं.

"टेम्पोत. सकाळी जाताना."

"एकट्याने?"

"मग काय वरात घेऊन चघळू?"

"तुमच्या गोळीवर लाल दिवा लागलाय."

त्याचा घास हातातच राहिला. चेहऱ्यावरचं रक्त असं उतरलं की विशाखाला सगळा राग विसरून त्याचा हात धरावासा वाटला. पण तिने धरला नाही. चूळ भरायला लावली, नवी गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि समोर पाट ओढून बसली. दहा मिनिटं तो जीव मुठीत धरून चघळत होता आणि दहा मिनिटं ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. कुणाला लागलं असेल हे तोंड, एवढाच विचार तिच्या डोक्यात.

तीन वाजता यंत्राने निकाल दिला. एक व्यक्ती. पुरुष. हिरवा दिवा.

विशाखा रडली. अगदी हमसाहमशी, पदर तोंडात कोंबून रडली. नवरा धडधाकट होता. मग डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली. नवऱ्याचा दिवा हिरवा, म्हणजे लाल दिवा त्या बाईचा. आणि लक्षात येताक्षणी मनात जे आलं ते असं होतं: बरं झालं सटवीला!

दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची शरम वाटली. दहा वर्षं गावोगाव फिरून ती बायकांना तोंडाच्या कॅन्सरबद्दल सांगत होती. पण शरम वाटली म्हणून संशय थोडाच जातो? तो घरात पाटपाणी मांडून बसला.

संध्याकाळी तिने जयवंतला सांगितलं, "तुम्हाला काही झालेलं नाही. पण पहिल्या गोळीला आणखी एका बाईचं तोंड लागलं होतं."

"काहीतरीच काय!"

"माझ्या गळ्याला हात लावून सांगा."

त्याने खरंच गळ्याला हात लावला. "तुझी शप्पथ विशाखा, माझ्या तोंडातली गोळी कुणाच्या तोंडात गेली नाही की कुणाच्या तोंडातली माझ्या तोंडात आली नाही. कुणाचं उष्टं मी खाल्लेलं नाही. तुझं मशीन बिघडलंय."

शपथ तर सरळ घेतली. पण घेताना तो तिच्याकडे बघत नव्हता, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. एकोणीस वर्षांत बाईमाणसाला एवढं कळायला लागतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यानंतरचे तीन दिवस विशाखाने गावातल्या एकूण एक बाईचे दात पाहिले. कुणी हसली की हिचं लक्ष तिच्या हिरड्यांकडे. तंबाखू खाणारी बाई म्हणजे मिशरी लावणारी, हे उघडच होतं. गोळी आल्यापासून मिशरीवाल्या बायका मात्र सुयांसारख्या लपल्या होत्या. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास कुठल्याच घरातून यायचा नाही, पण डबी प्रत्येक दुसऱ्या घरात उतरंडीमागे असणार, हे विशाखाला पक्कं माहीत होतं. त्याला कारणही तसंच घडलं होतं. पिवळा दिवा लागलेल्या बायकांची नावं चिकू पॅकिंगच्या शेडकडे जायची. खाण्याच्या मालाला तंबाखूवाले हात नकोत, असा नवा कायदा. सतरा बायकांचं काम गेलं होतं. तपासणीला आलेली गोळी चहाडखोर निघाली, असं बायका म्हणायच्या, आणि ते म्हणताना विशाखाकडे बघायच्या.

शुक्रवारी तिने जयवंतचा शर्ट धुवायला घेतला, तर खांद्यावर काळा डाग. बोटाएवढा.

"हे काय?"

"ग्रीस असेल."

"टेम्पो बॅटरीचा, ग्रीस खांद्यावर?"

"अगं चाकाला लागतं की नाही ग्रीस! तू काय पोलिसात लागलीस काय?"

तिने डागाचा वास घेतला. ग्रीस नव्हतं. जळक्या तंबाखूचा कडवट वास होता. त्या बाईने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, मिशरी लावलेला हात, हे आता तिच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं आणि तळपायाची आग मस्तकाला गेली.

मग तिला उशिराने सुचलं, बाई नोंदणीत नाही म्हणजे बाहेरची. बाहेरची म्हणजे उंबरगावच्या वाटेवरची. तिथे नाक्यावर कोकिळाबेन नावाची एक ठसठशीत बाई चहाची टपरी चालवते आणि सगळे टेम्पोवाले तिथे थांबतात, हे तिला ऐकून ठाऊक होतं. शनिवारी विशाखा रिक्षा करून थेट तिथे गेली. चहा मागवला आणि बाईचे दात बघत बसली. दात कसले, मोगऱ्याच्या कळ्या होत्या. शिवाय बाई स्वतः चघळगोळी चघळत होती आणि भिंतीवर हिरव्या दिव्याचं प्रमाणपत्र लावलं होतं.

"नरवाडीचे राऊतभाऊ येतात का हो इथे?" विशाखाने चाचपडत विचारलं.

"यायचे. आता मंगळवारी थांबतच नाहीत. मी हाक मारली तर म्हणतात, चहा झालाय बेन." कोकिळाबेन हसली. "कुठेतरी आमच्यापेक्षा चांगला चहा मिळतो वाटतं."

मंगळवारी. गोळी चघळली तोही मंगळवार होता. विशाखाने अर्धा चहा तसाच ठेवला.

घरी आल्यावर ती भांडली नाही. आता भांडायचं नव्हतं, आता मंगळवारी रंगेहाथ पकडायचं होतं. मंगळवार हा आठवा दिवस. त्याच संध्याकाळी नमुना नष्ट होणार होता. झाला की त्या बाईचा लाल दिवाही विझणार, आणि तिला स्वतःला काहीच कळणार नाही. हा विचार विशाखाच्या डोक्यातून जाईना, आणि जाईना म्हणून ती स्वतःवरच चिडायची. मरेना का, आपलं काय जातंय, असं ती दिवसातून दहादा म्हणायची. म्हणायला लागत होतं, यातच काय ते आलं.

सोमवारी दुपारी लक्षी धोडी पाड्यांवरच्या पेट्या घेऊन केंद्रात आली. लक्षीबाई म्हणजे पन्नाशीची, काटक, दिवसाला बारा किलोमीटर चालणारी. विशाखाचं उतरलेलं तोंड बघून तिने कमरेच्या पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढली.

"जेवली नाहीस ना? घे. एकच आहे, थांब, चिमणीच्या दाताने तोडते."

तिने पदराचं टोक चिक्कीवर धरलं, वरून दात लावले आणि कडकन दोन तुकडे केले. आपण सगळे लहानपणी करत आलोय तसंच. मध्ये कापड आलं की ते माणसाचे दात राहत नाहीत, चिमणीचे होतात, आणि चिमणीचं उष्टं काही उष्टं नसतं.

विशाखाने तुकडा तोंडात टाकला. एकदा चावला आणि ती थांबली.

"लक्षीबाई," ती हळूच म्हणाली, "आत्ता केलंत ते पुन्हा करा."

"चिक्की संपली."

"चिक्की नको. ही गोळी तोडा. तशीच, पदर लावून."

लक्षीबाईने तिला वेड लागलंय का ते नीट बघून घेतलं आणि गोळी तोडली. विशाखाने चूळ भरली, अर्धी गोळी तोंडात टाकली आणि दहा मिनिटं घड्याळ लावून चघळली. मग पाकीट यंत्रात सरकवलं.

दोन व्यक्ती. दोन्ही स्त्रिया. दुसरीचा अंश तीन टक्के.

"हे मी?" लक्षीबाई खवळली. "हट्! चिमणीच्या दाताला कसलं आलंय उष्टं! फोडून टाक ते मशीन."

"लाळ पदरातून झिरपते लक्षीबाई. आपल्याला दिसत नाही, यंत्राला दिसते." असं म्हणत विशाखाने जयवंतचा पहिला निकाल पुन्हा उघडला. दोन व्यक्ती हे शब्द वाचून त्या दिवशी तिचं डोकं असं फिरलं होतं की खालचा आकडा तिने बघितलाच नव्हता. दुसरीचा अंश पाच टक्के.

म्हणजे नवऱ्याने शपथ खोटी घेतली नव्हती. त्याने कुणाचं उष्टं खाल्लं नव्हतं. त्याच्या लेखी तरी नाही. कुणीतरी पदर लावून गोळी तोडली होती आणि अर्धी त्याला दिली होती. आता पंचेचाळिशीचा टेम्पोवाला चिमणीच्या दाताने तोडलेली गोळी कुणाकडून घेतो? चहावालीकडून नाही घेत. ठेवलेल्या बाईकडून तर नाहीच नाही. ज्या माणसाबरोबर आपण चड्डीत असताना पेपरमिंट वाटून खाल्लं, त्याच्याकडूनच घेतो. आणि असं माणूस जयवंतला जगात एकच होतं.

ज्योत्स्नाताई. त्याची थोरली बहीण.

ताई मिशरी लावायची. मिशरी लावून झाली की पदराच्याच टोकाने तोंड पुसायची. आणि त्या सतरा बायकांत पहिली ज्योत्स्नाताई होती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. योजना नवी होती, बायका गोळीला हात लावत नव्हत्या, तेव्हा विशाखानेच नणंदेला गळ घातली होती. "ताई, तुम्ही चघळलीत तर बाकीच्या चघळतील. कुणाला काही कळत नाही, माझी जबाबदारी." ताईने विश्वासाने चघळली. पिवळा दिवा लागला. आठवड्यात नाव शेडला पोचलं आणि नवऱ्यामागे एकटीने संसार ओढणाऱ्या ताईचं काम गेलं. कायदा मागाहून आला, नावं आपोआप गेली, यात विशाखाने मुद्दाम काही केलं नव्हतं. पण ताई दारात येऊन "तू मला विकलंस" म्हणाली, तेव्हा विशाखाने काय उत्तर दिलं? म्हणाली, "नियम आहे ताई, मी काय करू?" मग शब्दाला शब्द वाढला. शेवटी तिने जयवंतला बजावलं होतं की त्या घराची पायरी चढलात तर माझं तोंड बघायचं नाही. भाऊ बिचारा दोन वर्षं दर मंगळवारी चोरासारखा बहिणीकडे चहा पीत होता.

आणि मग तिला सगळ्यात वाईट गोष्ट सुचली. पदरातून झिरपलेल्या पाच टक्क्यांत लाल दिवा लागला. मग ताईच्या तोंडात काय असेल?

मंगळवारी सकाळी विशाखा खाडीपलीकडच्या पाड्यावर गेली. रिक्षातून उतरली तर अंगणात टेम्पो उभा. ओट्यावर जयवंत हातात कप घेऊन बसलेला. बायकोला बघून त्याचा कप बशीवर असा वाजला की घरातून ताई बाहेर आली.

"विशाखा, तुला मी सांगणारच होतो..." जयवंत उठत म्हणाला.

"बसा तुम्ही. चहा प्या," विशाखा म्हणाली. "मी ताईंकडे आलेय."

ज्योत्स्नाताई दारातच उभी राहिली. दोन वर्षांत वाळली होती. पदराचं टोक काळपट होतं. "ये" म्हणाली नाही.

"आज काय काम काढलंस?"

"ताई, तुमचं तोंड बघायचंय मला."

"कशाला? मागच्या वेळी बघितलंस ते पुरलं नाही? आता कुणाला कळवायचंय?"

विशाखाने तिथेच, अंगणात उभ्याउभ्या सगळं सांगितलं. पाच टक्के सांगितले, लाल दिवा सांगितला. जयवंत मध्येच म्हणाला, "पण मला अर्धीच हवी होती, ताईने पदर लावून तोडून दिली होती!" आणि मग त्याचं त्यालाच कळलं.

ताईने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि डोळे बारीक केले. "यंत्राने माझं नाव सांगितलं?"

"नाही. यंत्र म्हणालं, नोंदणीत नाही."

"नसणारच. माझं नाव मी तालुक्याला जाऊन खोडून आणलंय. तुझ्या पेटीत ते पुन्हा पडायचं नाही." "हे मला सांगायची तुला परवानगी आहे?"

"नाही."

"कळलं तर?"

"काम जाईल माझं."

"माझं गेलं तेव्हा तू म्हणालीस, नियम आहे."

"म्हणाले होते," विशाखा म्हणाली. "चुकलं माझं. तेव्हाच यायला हवं होतं मी. नियमाला तोंड नव्हतं ताई, मला होतं, आणि मी गप्प बसले."

अंगणातल्या चिकूखाली कोंबड्या उकरत होत्या.

"मला काही दुखत नाही," शेवटी ताई म्हणाली.

"सुरुवातीला दुखतच नाही. तिखट लागतं का तोंडाला?"

उत्तर जयवंतने दिलं. "मागच्या महिन्यापासून ती चटणी खात नाही. मी आणलेली भजी पण तशीच ठेवली होतीस तू ताई."

"तू गप रे!" ताई त्याच्यावर ओरडली, आणि ओरडण्यातली भीती तिघांनाही ऐकू आली. मग ती विशाखाकडे वळली. "तुझ्या गोळीवर माझा विश्वास नाही. काय काय घालतात त्यात देव जाणे. गिळली तर आतड्याला चिकटते म्हणतात."

"चिकटत नाही. दोन दिवसांत निघून जाते."

"आणि चघळली की शेडला जाते."

विशाखाने पिशवीतून एक गोळी काढली. पाकिटावर नाव नव्हतं, क्रमांक नव्हता. पाकीट फाडून तिने टाकून दिलं, म्हणजे परत गुंडाळायचा प्रश्नच राहिला नाही. "ही कुठेही जात नाही. अर्धी मी खाते, अर्धी तुम्ही. मग तरी तोंड दाखवाल?"

विशाखाने गोळी दातांत धरली, तेवढ्यात ताईचा हात आपोआप पुढे आला. हातात पदराचं टोक होतं.

"थांब, पदर लाव. उष्टी होईल."

"पदर लावूनही उष्टीच होते ताई. मी बघितलंय." विशाखाने पदर हळूच बाजूला केला, गोळी सरळ दातांनी तोडली आणि आपल्या तोंडातला अर्धा तुकडा तळहातावर घेऊन पुढे केला.

ज्योत्स्नाताई त्या ओल्या तुकड्याकडे बघत राहिली. भावाच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, या बाईने आपल्या ताटातलं काही कधी घेतलं नव्हतं की दिलं नव्हतं. मग तिने तो उचलला आणि तोंडात टाकला. दोघी समोरासमोर उभ्या राहून चघळत होत्या आणि जयवंत ओट्यावर बसून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

"पुदिना फार घालतात मेले," ताई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता ही यंत्रात घातलीस तर दोन माणसं दाखवेल?"

"दोन."

"एक तू. आणि दुसरी, नोंदणीत नाही?"

"दुसरी घरातली," विशाखा म्हणाली.

ताईने तोंड फिरवलं. डोळ्यांना पदर लावला. मग ती न्हाणीकडे गेली, गोळी थुंकली, खळखळून चूळ भरली, हिरड्यांवरची मिशरी बोटाने घासून काढली आणि परत आली. अंगणात, जिथे ऊन पडलं होतं, तिथे उभी राहिली आणि तिने आपण होऊन तोंड उघडलं.

विशाखाने मोबाइलचा टॉर्च लावला. डावा गाल बोटाने बाजूला केला आणि आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"काय आहे?" जयवंतने ओट्यावरून विचारलं.

विशाखाने टॉर्च बंद केला. ताईचा गाल हाताने पुसला.

"टेम्पो चार्ज आहे?" ती म्हणाली.

"आहे. पण चिकू..."

"चिकू उतरवा इथेच."

जयवंत धावला. एक एक क्रेट काढून त्याने अंगणात ठेवलं. ज्योत्स्नाताईने दार ओढून घेतलं, कडी घातली, कनवटीची मिशरीची डबी काढून खिडकीत ठेवली आणि टेम्पोत जाऊन दोघांच्या मध्ये बसली.